शनिवारी गाडी घरीच राहू दे

कराडजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र. नाव अर्थातच देत नाही, मजकूर थोडा कमी केला आहे.

'माई, आमचं गाव कराडपासून १२ किलोमीटर आत आहे. हे साखर कारखान्यात नोकरीला. माणूस वाईट नाही. रोज पीत नाहीत, घरात कधी आवाज चढवत नाहीत. पण दर शनिवारी तिघा मित्रांबरोबर हायवेच्या ढाब्यावर बसतात आणि रात्री साडेअकरा-बाराला मोटरसायकलवरून येतात. गाडीचा आवाज येईपर्यंत मला झोप लागत नाही. काही बोललं की म्हणतात, "मला चढत नाही. हा बघ हात, हलतोय का?" त्यांचे मित्र सांगतात, सापडलंच तर दोन हजारांची पावती, विषय संपला. आमच्याकडे रात्री ओला-उबर काही मिळत नाही. जास्त बोललं तर "मी काय दारुडा आहे का?" म्हणून दोन दिवस अबोला. सकाळी मात्र ताजेतवाने असतात, रविवारी ७ वाजता मुलाला स्कॉलरशिपच्या क्लासला तेच सोडतात. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. आदल्या रात्री हळद, आणि हळदीला काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथून आम्ही तिघं एकाच गाडीवर परत यायचं. मला आत्तापासून धडधडतंय. मी काय करू? गाडीची किल्ली लपवून ठेवू का?'

माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझी सगळी काळजी रात्रीच्या बारावर आहे, माझं लक्ष मात्र सकाळच्या ७ वाजता अडकलं. त्याबद्दल पुढे सांगते, कारण ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आधी त्यांच्या हाताबद्दल. मी सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला २२ वर्षं सिस्टर म्हणून काढली. शनिवारी रात्री पोलीस माणसं तपासणीला घेऊन यायचे. कायद्यानं अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हावीच लागते, नाहीतर माणूस सोडावा लागतो, म्हणून त्यांची घाई असायची. डॉक्टर समोर उभं करून विचारायचे, नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता. डोळ्यांत बॅटरी मारायची, फरशीच्या रेघेवरून चालायला लावायचं, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगायचं, दोन्ही हात पुढे धरायला लावायचे. अगं, कितीतरी जणांचे हात जराही हलायचे नाहीत. बोलणं स्वच्छ, शर्ट खोचलेला. मग मी रक्त घ्यायची. या तपासणीला दंड स्पिरिटनं पुसायचा नसतो, नाहीतर वकील कोर्टात नेमकं तेच काढतो. फ्लोराइडची राखाडी बुचाची बाटली, तिला लाखेचं सील. रक्त घेताना यातला एखादा हसून म्हणायचा, "सिस्टर, माझ्यात काही सापडणार नाही." त्याला ते अगदी मनापासून वाटत असायचं. आणि लॅबचा रिपोर्ट यायचा तेव्हा आकडा मर्यादेच्या तिप्पट-चौपट.

तुझे मिस्टर खोटं बोलत नाहीत, एवढंच तुला यातून सांगायचंय. त्यांना खरंच चढल्यासारखं वाटत नाही. दारू सगळ्यात आधी गुंगवते ती 'मला चढली का' हे ओळखणारी जागा. हात, जीभ, पाय यांची पाळी नंतर येते. सवयीच्या माणसाचा तोल तर फार उशिरा जातो. पण नजर आणि ब्रेक यांच्यामधला वेळ वाढलेला असतो, आणि तो हात पुढे धरून दिसत नाही. तुमच्या रस्त्यावर सीझनला रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद जास्त लागला तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. अंधारात ट्रॉली दिसल्यावर ते आठ मीटर कुठून आणणार? कॅज्युअल्टीत मी सगळ्यात जास्त पाहिलेले मोटरसायकलवाले असे उभ्या किंवा हळू चाललेल्या ट्रॉलीला मागून धडकलेले होते. पुढच्या गाडीनं काहीच चूक केलेली नसायची.

आता हिशेब. ३० मिलीचा छोटा पेग घेतला तर त्यात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६० मिलीच्या मोठ्या पेगात २० ग्रॅम, १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६०. बिअरला लोक हलकं समजतात, पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या मोठ्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या वर अल्कोहोल जातं, म्हणजे एक बाटली दोन मोठ्या पेगांएवढी. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातली मर्यादा आहे १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ती ८० आहे, त्यामुळे तिकडची माहिती फोनवर वाचून 'दोन पेग चालतात' म्हणणारे इथे फसतात. रिकाम्या पोटी एक मोठा पेग घेतला तरी ७० किलोचा माणूस ३० च्या वर जाऊ शकतो. 'दोन पेग चालतात' असा आपला कायदा कुठेच म्हणत नाही.

आणि शरीर ती दारू बाहेर काढतं आपल्या चालीनं, रक्तातला हा १०० मिलीमागचा आकडा तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं उतरतो. तिला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, ढाब्यावरची भाकरी-रस्सा... यातल्या कशानंही ती चाल वाढत नाही. आधी जेवलं तर दारू रक्तात हळू चढते, एवढं खरं. पण जी रक्तात गेली ती आपल्याच वेळेनं जाणार.

धर, तुझे मिस्टर ६५ किलोचे. रात्री ९ ला बसले आणि एक क्वार्टर झाली. ढोबळमानानं त्यांच्या रक्तातला आकडा १३५ पर्यंत जातो. १२ वाजता ९० च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट, आणि त्याच वेळी ते तुला हात पुढे करून दाखवताहेत. ३० च्या खाली यायला पहाटेचे ४ वाजतात. शनिवार रंगला आणि क्वार्टरवर एक स्ट्राँग बिअर झाली, तर हाच हिशेब २२५ च्या वर जातो. मग रविवारी सकाळी ७ ला ते उठून, दाढी-आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मुलाला मागे बसवतात तेव्हा त्यांच्या रक्तात अजून ७५ च्या आसपास असू शकतं. दुपटीहून जास्त. झोप झालेली असते, चेहरा धुतलेला असतो, तोंडाला पेस्टचा वास असतो, आणि तुला वाटतं की रात्र सरली. माणसागणिक हे आकडे खाली-वर होतात. याच्यावरून 'मग इतकी चालेल' असा उलटा हिशेब कुणी करू नये. मी तो मांडला तो फक्त त्या ७ वाजताच्या क्लाससाठी. रविवारी मुलाला दुसऱ्या कुणाबरोबर पाठव. शेजारच्या मुलाचे वडील असतील, दीर असतील. कुणीच नसेल तर त्या दिवशी क्लास बुडू दे. हे या रविवारपासून.

दोन हजारांच्या पावतीचं सांगते. ती जुनी गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं १८५ वं कलम दारू पिऊन गाडी चालवण्याचं. पूर्वी दंड दोन हजार होता, २०१९ च्या दुरुस्तीनं तो वाढला. पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर १५,००० दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. गुन्हा शाबित झाला की कोर्टानं किमान ६ महिने लायसन्स बंद करायचंच, असं कायद्यात लिहिलंय. गाडी दुचाकी आहे की चारचाकी याचा फरक नाही. मशीनमध्ये फुंकायला नकार दिला म्हणून सुटका होत नाही. दारूचा संशय असला तर त्यावरूनही अटक होते, आणि सबळ कारण नसताना दिलेला नकार कोर्टात त्यांच्याविरुद्धच धरता येतो. वेलदोडा आणि पान खाऊन उपयोग नाही, मशीन फुप्फुसातली हवा मोजतं.

ज्या मित्रांना 'पावती' वाटते त्यांना एक कलम मुद्दाम ऐकव, १८८ वं. दारू प्यायलेल्याला गाडी चालवायला जो चिथावणी किंवा मदत देतो, त्यालाही तीच शिक्षा. "जा रे, काही होत नाही" म्हणून किल्ली हातात ठेवणारा यात येऊ शकतो.

विम्याचं फारसं कुणाला माहीत नसतं. दारूच्या अमलाखाली गाडी चालवताना झालेलं गाडीचं नुकसान विमा कंपनी भरून देत नाही, पॉलिसीतच तसं लिहिलेलं असतं. मशीनची चाचणी झालेली नसली तरी बाकीच्या पुराव्यावरून कंपनी नकार देऊ शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये एका गाडीच्या दाव्यात सांगितलं.

आणि कुणी मेलं तर मग १८५ वर भागत नाही. २००६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, ७ जणांचा जीव गेला. चालवणारा प्यायलेला होता. हायकोर्टानं त्याला सदोष मनुष्यवधाखाली ३ वर्षांची शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ती कायम केली. निष्काळजीपणाचा साधा अपघात म्हणून कोर्टानं ते सोडून दिलं नाही. प्यायल्यावर गाडी चालवली तर काय होऊ शकतं याची जाणीव माणसाला असते, असं कोर्टानं धरलं. आता भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा १०५ व्या कलमात आहे, १० वर्षांपर्यंत शिक्षेचा. तुझ्या मिस्टरांना स्वतःच्या हाडांची भीती नसेल, पण रात्री सायकलवरून पाळीला जाणारा त्यांच्याच कारखान्यातला कुणी पुढे आला तर?

कायदा झाला. पण कायद्याची भीती घालून शनिवार बदलत नाही, ते मी खूप घरांत पाहिलंय. माणूस नाकाबंदी चुकवून शेतातल्या रस्त्यानं येतो, आणि तो रस्ता जास्त वाईट असतो.

मला विचारशील तर सगळी चूक संध्याकाळीच होते, गाडीला किक मारून ते ढाब्याकडे निघतात तेव्हा. गाडी तिथे गेली की ती परत आणायची असते. रात्री बाराला ढाब्याच्या बाहेर ती उभी दिसते, सकाळी क्लासला लागणार असते, चोरीची भीती असते, आणि निर्णय घेणारं डोकं संध्याकाळचं उरलेलं नसतं. म्हणून घरी कसं परतायचं ते पहिला घोट घ्यायच्या आधी, चहाच्या कपावर ठरायला हवं. शनिवारी गाडी घरातून बाहेरच पडता कामा नये. एवढी एक गोष्ट जमली तर बाकीचं निम्मं सुटतं.

ओला-उबर नाही म्हणतेस, पण तुमच्याकडे वडाप आहे ना? दिवसभर कराड-गाव फेऱ्या मारणारा जीपवाला किंवा रिक्षावाला, ज्याचं घर तुमच्याच गावात किंवा शेजारच्या वाडीला आहे आणि जो स्वतः पीत नाही, असा एक शोध. शनिवारी रात्री ११ ला ढाब्यावरून चौघांना उचलायचं आणि ज्याच्या-त्याच्या दारात सोडायचं, असं त्याच्याशी महिन्याचं ठरवून टाका. पैसे आगाऊ द्यायचे, म्हणजे तोही चुकत नाही आणि चौघांनाही 'आज नको' म्हणता येत नाही. चौघांत वाटून माणशी पडतील ते पैसे त्या टेबलावरच्या चकण्यापेक्षा जास्त होतील असं मला वाटत नाही. मित्रांच्या बायकांशी तू बोल. तुझ्यासारख्या आणखी तिघी त्याच वेळी गाडीच्या आवाजाकडे कान लावून जाग्या असतात. एकट्या बाईनं सांगितलं की ती कटकट होते. चार घरांतून एकाच आठवड्यात जीपची गोष्ट निघाली की ती व्यवस्था होते.

किंवा ढाबाच नको. ज्याच्या घरी गच्ची आहे त्याच्याकडे बसावं आणि तिथेच सतरंजीवर झोपावं. 'एकजण पिणार नाही, तोच चालवणार' ही पद्धतही चांगली, पण त्याचं नाव दुपारीच ठरलेलं असावं आणि त्यानं खरोखर एक थेंबही घेऊ नये. माझा अनुभव असा की 'सगळ्यात कमी प्यायलेला चालवेल' असं होत जातं, आणि कमी प्यायलेला म्हणजे न प्यायलेला नव्हे.

आता थोडं तुझ्याकडे वळते, रागावू नकोस. रात्री साडेदहाला तू फोन करतेस का? "कुठे आहात, कधी येताय, जेवण गार झालं." मीही केलेत असे फोन. पण विचार कर, त्या फोननं माणूस ग्लास खाली ठेवत नाही, तो पटकन संपवतो आणि गाडीवर बसतो. उशीर झाला तर घरी बोलणी, राहिला तर जास्त बोलणी, त्यापेक्षा निघालेलं बरं, असा त्याचा हिशेब असतो. तू त्याला उलटं सांगून ठेव, शनिवारी नाही, मधल्या वारी: "उशीर झाला तर तिथेच थांबा. दीरांना फोन करा, ते घ्यायला येतील. त्या रात्री मी एक शब्द बोलणार नाही, दुसऱ्या दिवशीही नाही." आणि मग खरंच बोलू नकोस. पहिल्यांदा जेव्हा ते रात्री बाहेर राहतील आणि सकाळी परत येतील तेव्हा चहा ठेव. अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण एकदा टोमणा मारलास की पुढच्या वेळी ते थांबणार नाहीत.

"मी काय दारुडा आहे का?" यावर वाद घालू नकोस. "नाही, तुम्ही दारुडे नाही" एवढंच म्हण, कारण तुझ्या पत्रावरून मलाही तसं वाटत नाही. तुझं म्हणणं पिण्याबद्दल नाही, गाडीबद्दल आहे. दोन्ही एकत्र केलंस की भांडण दारूचं होतं आणि गाडी तशीच चालू राहते. हा रविवारचा हिशेब मात्र त्यांच्यासमोर कागदावर मांड. कारखान्यातला माणूस आहे, आकडा समजेल. क्वार्टर आणि स्ट्राँग बिअर, रक्तात २२५, तासाला १५ कमी, सकाळी ७ ला ७५, मर्यादा ३०. खाली मुलाचं नाव लिही आणि कागद त्यांच्या हातात दे. तू बोलू नकोस, त्यांना वाचू दे.

किल्ली लपवायची का, असंही तू पत्राच्या शेवटी विचारलंस. ते न पिता निघालेले असताना लपवून ठेवू नकोस, त्यात फक्त अपमान होतो. पण प्यायलेले असताना घरून पुन्हा बाहेर पडायला निघाले, तर किल्ली दे असं मी सांगणार नाही. दीर, सासरे, शेजारी, ज्याचं ते ऐकतात त्याला हाक मार. हातघाईवर येण्याची भीती वाटली तर ११२.

शनिवारचं शुक्रवारी आणि मग रोजचं होऊ लागलं, सकाळी हात थरथरू लागले, पगार पुरेनासा झाला, तर हे पत्र बाजूला ठेव आणि मदत घे. साताऱ्यात परिवर्तन आणि पुण्यात मुक्तांगण ही व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, मुक्तांगण तर १९८६ पासून हेच काम करतंय. १४४४६ या नंबरवर फोन केला तरी बोलता येतं. पेशंट यायला तयार नसेल तरी घरच्यांनी आधी जाऊन बोललेलं चालतं.

राहिली हळद. तिथून तुम्ही तिघं एका मोटरसायकलवर येणार, असं लिहिलंस. बाळ, एक तर दुचाकीवर दोघांच्या वर बसायला कायदाच परवानगी देत नाही. आणि त्या रात्री मांडवामागे काय चाललेलं असेल ते तूच लिहिलंयस. तू त्या गाडीवर बसू नकोस आणि मुलाला बसवू नकोस. मागे बसलेल्याच्या हातात ब्रेक नसतो, आणि १० वर्षांचं पोर अशा वेळी दोघांच्या मध्ये अर्धवट झोपेत असतं.

नणंदेला आजच फोन कर. भांडणाचा नाही, सोयीचा: "वन्सं, हळदीच्या रात्री आम्ही तिघं तिथेच राहू, दोन गाद्या जास्त सांगून ठेवा." लग्नघरात दोन गाद्यांचं कुणाला ओझं होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लग्न म्हटल्यावर राहण्याचं कारणही सांगावं लागत नाही. जाताना वडापनं किंवा एसटीनं जा, म्हणजे परतीला गाडीचा प्रश्नच येणार नाही. बॅगेत मुलाचा स्वेटर आणि तिघांचे दुसऱ्या दिवशीचे कपडे घे. मांडवाकडे निघताना गाडीची किल्ली सासूबाईंच्या देवघरातल्या डब्यात ठेव, तीही मिस्टरांच्या देखत.